डिसरप्टिव्ह : क्रांतिकारी, विध्वंसक की नुसतंच नवं?

पानपूरक (धागाकर्ता)

उद्योगजगतावरच्या एका इंग्रजी लेखसंग्रहाचं मराठीकरण चालू आहे. त्यात 'डिसरप्टिव्ह' हे विशेषण पानोपानी आडवं येतं. चार नमुने देतो, बाकी वाक्य मराठीत करून:

१) ही डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी होती, मोठ्या कंपन्यांना ती दिसत असूनही उपयोग झाला नाही.
२) आमची नवी सेवा संपूर्णपणे डिसरप्टिव्ह आहे. (जाहिरातीतलं वाक्य)
३) वर्गातल्या डिसरप्टिव्ह मुलांशी कसं वागावं?
४) संप लांबला तर पुरवठ्यावर त्याचे डिसरप्टिव्ह परिणाम होतील.

कोशात व्यत्यय आणणारा, भंग करणारा, विघटनकारी असे अर्थ मिळतात. बातम्यांत सर्रास 'क्रांतिकारी' छापतात. माझे प्रश्न दोन. सगळीकडे एकच शब्द चालेल का? आणि कुठलाही मोठा बदल डिसरप्टिव्ह म्हणवून घ्यायला पात्र असतो का?

---

टाचणी

तिसऱ्यात 'क्रांतिकारी' घातलंत तर शिक्षकांना लाठीमाराचे आदेश मागवावे लागतील.

---

पोलादी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. निदान पहिल्या वाक्यातल्या अर्थाने तरी नाही.

हा अर्थ रुळवला हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या क्लेटन ख्रिस्तेनसेन यांनी. जोसेफ बोअर यांच्यासोबत १९९५ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त लेख, १९९७ला 'दि इनोव्हेटर्स डिलेमा' हे पुस्तक. त्यांचं मुख्य उदाहरण संगणकाच्या हार्ड डिस्कचं, आणि ते आकड्यांसकट पाहिल्याशिवाय मुद्दा पोचत नाही.

१९८१च्या सुमाराला मिनीकॉम्प्युटरसाठी (नाव मिनी, आकार कपाटाएवढा) ८ इंची डिस्क चालत होती. क्षमता ६० मेगाबाइट, माहिती शोधायला लागणारा वेळ ३० मिलिसेकंद, दर मेगाबाइटला खर्च ५० डॉलर. नवी ५.२५ इंची डिस्क आली ती १० मेगाबाइट, १६० मिलिसेकंद आणि दर मेगाबाइटला २०० डॉलर अशी. म्हणजे गिऱ्हाईक ज्या गोष्टी मोजत होतं त्या सगळ्यांत डावी. उजवी कशात? वजन २१ पौंडांऐवजी ६ पौंड, आकार लहान, आणि अख्ख्या नगाची किंमत कमी. मिनीकॉम्प्युटर बनवणाऱ्यांना यातलं काहीच नको होतं. ८ इंचीवाल्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांना विचारलं, ते म्हणाले "नको", आणि यांनी ऐकलं. गिऱ्हाइकाचं ऐकणं हीच इथे गोम आहे.

छोटी डिस्क मग टेबलावरच्या संगणकात गेली. तो बाजार तेव्हा किरकोळ होता. तिथे खपत खपत तिची क्षमता दरवर्षी वाढली, आणि काही वर्षांत ती मिनीकॉम्प्युटरलाही पुरेशी झाली. तोवर ८ इंचीवाल्यांपैकी बहुतेकांना गाडी पकडता आली नाही.

तेव्हा या अर्थाने डिसरप्टिव्ह म्हणजे सुरुवातीला निकृष्ट, पण वेगळ्याच निकषावर सोयीचं, आणि सुधारत सुधारत खालून वर येणारं. 'क्रांतिकारी' म्हटलं की वाचकाला पहिल्या दिवसापासून श्रेष्ठ असलेली वस्तू दिसते. नेमकं उलटं.

---

उंटावरचा_शहाणा

पोलादी, माहिती छान, पण शब्द काय एका प्राध्यापकाच्या नावावर सातबारा करून दिलाय का? त्याआधीही इंग्रजीत तो होताच. आज लोक 'जुनी घडी मोडणारं काहीही' या अर्थाने वापरतात. उबरने टॅक्सीचा धंदा मोडून ठेवला, ती डिसरप्टिव्ह नाही तर कोण? वापर ठरवतो तो अर्थ. कोश मागाहून येतो.

---

दोन_ओळी

उबर आली.
दहाव्या प्रतिसादाच्या आत येणार हे माहीत होतं, तिसऱ्यातच आली.

---

पोलादी

@उंटावरचा_शहाणा, उबरबद्दल खुद्द ख्रिस्तेनसेन यांनीच २०१५ला मायकेल रेनर आणि रॉरी मॅकडोनाल्ड यांच्यासोबत लिहिलंय, आणि उत्तर 'नाही' असं आहे. त्यांच्या मते सुरुवात दोनच ठिकाणांहून होऊ शकते. एक, बाजाराच्या तळातून, म्हणजे ज्यांना आहे त्या वस्तूत गरजेपेक्षा जास्त मिळतंय आणि स्वस्तातलं साधं चालेल असं गिऱ्हाईक. दोन, जिथे आजवर गिऱ्हाईकच नव्हतं तिथून. उबर सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली. टॅक्सी आधीपासून वापरणारे लोकच तिने उचलले, आणि सेवाही पहिल्यापासून बरी दिली. मोठा बदल? हो. या व्याख्येतला? नाही.

आयफोनचं जास्त मजेशीर. फोनच्या बाजारात तो आहे त्याच दिशेने केलेली मोठी सुधारणा, ज्याला ते 'सस्टेनिंग' म्हणतात. पण इंटरनेट वापरायचं मुख्य साधन म्हणून पाहिलं तर लॅपटॉपच्या मानाने डिसरप्टिव्ह. वस्तू एकच, आणि कोणाच्या मानाने हे बदललं की विशेषण बदलतं. भाषांतरात ही गोष्ट फार कामाची आहे: या विशेषणाला छुपं कर्म असतं. कोणाची घडी मोडली ते वाक्यात नसेल तर लेखकाने विचार न करता शब्द फेकलाय असं खुशाल समजा.

नावाला साजेसं एक उदाहरण देतो. अमेरिकेत लोहखनिजापासून पोलाद करणाऱ्या अवाढव्य गिरण्या आणि भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या विजेच्या भट्ट्यांच्या छोट्या गिरण्या, 'मिनी मिल', यांची झुंज. भंगारात तांब्यासारखी अशुद्ध द्रव्यं येतात, म्हणून सुरुवातीचा माल हलका. तो खपला सळईत. सळई काँक्रीटमध्ये गाडली जाते, पृष्ठभाग कोण बघतो? सळईत नफा सर्वांत कमी, त्यामुळे मोठ्या गिरण्यांनी ती आनंदाने सोडली आणि त्यांचा सरासरी नफा कागदावर वाढला. मग कोन आणि पट्ट्या, मग बांधकामाचे तुळया-खांब, दर पायरीला तेच. शेवटचा बुरूज पत्र्याचा. त्यासाठी २०० ते २५० मिलिमीटर जाडीची लादी ओतून ती लाटत न्यायची, म्हणजे प्रचंड यंत्रसामग्री. न्यूकॉरने १९८९मध्ये इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिलला सुमारे ५० मिलिमीटरची पातळ लादी ओतायला सुरुवात केली, आणि तो बुरूजही गेला.

दर पायरीला माघार घेणं हिशेबाने बरोबर होतं हे ध्यानात घ्या. मोठे लोक मूर्ख नव्हते.

---

मोजपट्टी

पोलादींचं विवेचन नेटकं आहे, म्हणूनच थोडं मीठ टाकतो. ही उपपत्ती सर्वमान्य नाही.

इतिहासकार जिल लेपोर यांनी जून २०१४च्या 'न्यू यॉर्कर'मध्ये तिच्यावर कडाडून टीका केली. उदाहरणं सोयीची निवडलीत आणि काळाची चौकट सोयीने आखलीय, हा मुख्य आक्षेप. हार्ड डिस्कमध्ये 'हरले' म्हणून दाखवलेल्यांपैकी सीगेटसारखी कंपनी पुढे कितीतरी वर्षं जोमात राहिली. २०१५ला अँड्र्यू किंग आणि बाल्जिर बाटार्तोग्तोख यांनी ख्रिस्तेनसेन यांच्या दोन पुस्तकांतली, म्हणजे १९९७ आणि २००३ची, ७७ उदाहरणं त्या त्या उद्योगांच्या जाणकारांकडून तपासून घेतली. उपपत्तीचे त्यांनी ठरवलेले चारही घटक जुळले असे नमुने निघाले ९ टक्के.

बारीक गोष्ट: १९९५ला शब्द होता 'डिसरप्टिव्ह टेक्नॉलॉजी'. २००३च्या पुस्तकात तो 'डिसरप्टिव्ह इनोव्हेशन' झाला, कारण तंत्र स्वतः काही मोडत नाही, ते कोणत्या धंद्याच्या गणितात बसवलंय यावर सगळं असतं. पानपूरक, तुमच्या संग्रहात दोन्ही येत असतील तर लेखाचं साल बघा. एकाला तंत्रज्ञान, दुसऱ्याला नवप्रवर्तन. सरसकट 'तंत्रज्ञान' केलंत तर लेखकाने मुद्दाम केलेला बदल पुसला जाईल.

---

उंटावरचा_शहाणा

९ टक्के! म्हणजे ज्यांनी व्याख्या केली त्यांच्याच घरात ती शंभरात नऊ वेळा लागू पडते, आणि आम्ही मात्र उबरला म्हटलं की पाप.

---

पोलादी

'चारही घटक पूर्ण जुळणं' आणि 'अजिबात न जुळणं' यांत बरंच अंतर आहे. पण टोला मान्य.

---

पाकोळी

उद्योगाच्या कितीतरी आधीपासून हे विशेषण जीवशास्त्रात आहे आणि तिथे त्याचा अर्थ काटेकोर आहे. संग्रहात चुकून डोकावलंच तर:

डिसरप्टिव्ह कलरेशन : पतंगाच्या पंखावर गडद-फिकट ठिपके असे पसरतात की काही ठिपके पंखाच्या कडेवर येऊन कापले जातात. भक्ष्य शोधणारा पक्षी आधी बाह्यरेषा हेरतो. रेषाच तुटक झाली की पतंग 'पतंग' म्हणून दिसत नाही. पार्श्वभूमीशी रंग जुळणं वेगळं आणि कडा मोडणं वेगळं. २००५मध्ये झाडांच्या खोडांवर कागदी पतंग लावून हे तपासलं गेलं: तेच रंग, पण ठिपके कडेला भिडलेले पतंग जास्त टिकले. मराठीत 'आकारभंजक रंगसंगती' म्हणता येईल. ब्रिटिश लष्कराच्या ठिपकेदार कापडाच्या नावातही हाच शब्द होता.

डिसरप्टिव्ह सिलेक्शन : निसर्गनिवडीत मधले मार खातात आणि दोन्ही टोकांचे तगतात ती निवड. कॅमेरूनमधल्या एका फिंचवर्गीय पक्ष्यात लहान चोचीचे मऊ बिया खातात, मोठ्या चोचीचे कडक बिया फोडतात, मधल्या चोचीच्यांना दोन्ही धड जमत नाही. इथे 'क्रांतिकारी' तर नाहीच, 'विध्वंसक'ही नाही. काहीच नष्ट करायचं नाहीये, आलेखाचा एक उंचवटा फुटून दोन होतायत. 'द्विभाजक निवड' चालावं.

---

ठिणगी

भौतिकशास्त्र मागे का राहावं? फॅरडेने १८३८च्या लेखनात 'डिसरप्टिव्ह डिस्चार्ज' वापरलंय. विद्युतरोधकावर ताण वाढत जातो, एका मर्यादेला तो फुटतो आणि ठिणगी पडते. कोरड्या हवेत ही मर्यादा साधारण दर मिलिमीटरला ३००० व्होल्ट. मर्यादेच्या आत काही घडत नाही, ओलांडली की सगळं एकदम. लॅटिनमधल्या 'फोडणे, तोडणे' या मूळ धातूला सर्वांत इमानी अर्थ हाच.

गंमत अशी की पोलादींचा डिसरप्टिव्ह हळूहळू येतो आणि माझा एका क्षणात.

---

टाचणी

आणि पानपूरकांचा भाषांतराच्या मुदतीच्या आदल्या रात्री.

---

कलम_दवात

अवांतर, पण कामाचं. अशा संग्रहांत 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह'ही येतोच, आणि लोक दोन्ही एकमेकांच्या जागी ठेवतात. त्याचा साधा अर्थ 'रूप पालटणारा'. पण अमेरिकी कॉपीराइट कायद्यात तो पारिभाषिक आहे. न्यायाधीश पिअर लेव्हाल यांनी १९९०च्या लेखात तो मांडला, १९९४ला कॅम्पबेल विरुद्ध एकफ-रोझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उचलला. दुसऱ्याच्या कलाकृतीचा वापर करताना नवा हेतू, नवा आशय आला का, हा त्यातला प्रश्न. चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या चित्राबद्दलच्या २०२३च्या प्रकरणात न्यायालयाने दोरी आवळली: नुसता नवा आशय दिसतो म्हणून भागत नाही, वापराचा हेतू मूळच्यापेक्षा खरंच वेगळा आहे का ते बघा. संदर्भ कायद्याचा असेल तर 'परिवर्तनकारी' लिहून पुढे जाऊ नका. 'मूळ कृतीला नवा हेतू देणारा वापर' असं उलगडा.

---

धातुसाधित

या कुटुंबातल्या विशेषणांची एकदा वाटणी करून टाकू.

'रॅडिकल' : लॅटिनमध्ये मूळ, मुळी. मराठीत याला तोड नाही असा शब्द आयता आहे, आमूलाग्र. मुळापासून शेंड्यापर्यंत. बदलाची खोली सांगतो. (राजकीय 'रॅडिकल' मात्र 'जहाल'. तिथे आमूलाग्र नको.)

'रेव्होल्यूशनरी' : क्रांतिकारी. आधीची व्यवस्था उलथून नवी. एरवी 'क्रांतिकारक' हे नाम म्हणून माणसाला आणि 'क्रांतिकारी' हे विशेषण ठेवलं तर गोंधळ टळतो.

'ट्रान्सफॉर्मेटिव्ह' : कायापालट करणारा. जिचं रूप बदलतं ती वस्तू शिल्लक राहते.

'डिसरप्टिव्ह' : हा बदलणाऱ्याकडून नाही, ज्याचं मोडलं त्याच्या बाजूने बघणारा शब्द. बाकी तिघांत कोणाचं तरी नुकसान झालंच पाहिजे अशी अट नाही. याच्यात आहे. म्हणून आपली सेवा 'डिसरप्टिव्ह' आहे असं कौतुकाने सांगणारी जाहिरात मुळात विचित्र आहे: "आमच्यामुळे कोणाचं तरी बस्तान उठणार" हे ती हसत हसत सांगते. जुन्या इंग्रजीत हे कौतुक अजिबात नव्हतं. १८४३ला स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडून सुमारे ४५० धर्मोपदेशक बाहेर पडले, त्या घटनेचं नावच 'डिसरप्शन'. ते नाव काही जल्लोषाचं नव्हे.

अर्थशास्त्रज्ञ शुंपेटर यांची १९४२ची 'सर्जनशील विनाश' ही कल्पना जवळची वाटते, पण तिचा आवाका मोठा आहे. ती अख्ख्या भांडवलशाहीची रीत सांगते. दोन्हींना एक शब्द देऊ नका.

---

शांतपणे

तिसऱ्या वाक्याबद्दल कोणी गंभीरपणे लिहिलं नाही म्हणून. मुलांच्या संदर्भात हे विशेषण वर्तनाला लावायचं, मुलाला नाही. 'व्यत्यय आणणारं वर्तन'. 'उपद्रवी मुलं', 'विध्वंसक मुलं' हे शिक्के आहेत.

शिवाय मानसोपचारात 'डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर' असं निदान आहे, २०१३च्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत आलेलं. सरासरी आठवड्याला तीन किंवा जास्त वेळा तीव्र उद्रेक, मधल्या काळातही बहुतेक वेळ चिडचिड, आणि हे सगळं किमान बारा महिने. पहिलं निदान ६ वर्षांच्या आधी किंवा १८च्या नंतर करत नाहीत. मूळ मजकुरात नुसतं 'डिसरप्टिव्ह चाइल्ड' असेल तर भाषांतरात त्याला विकार चिकटवू नका, आणि विकाराचं नाव असेल तर त्याला 'दंगेखोरपणा' करू नका. दोन्ही चुका सहज होतात.

---

उंटावरचा_शहाणा

धातुसाधित यांच्याशी बराचसा सहमत. पण मग तळातून वर येण्याची अट कुठे गेली? 'बस्तान उठवणारं' म्हटलं तर माझी उबरही बसते. म्हणजे मीच जिंकलो.

---

पोलादी

म्हणूनच 'बस्तान उठवणारं' पारिभाषिक शब्द म्हणून पुरत नाही. परिणाम सांगतो, मार्ग सांगत नाही. टेस्लाने २००८ला महागड्या स्पोर्ट्‌स गाडीपासून सुरुवात केली आणि खाली आली. प्रस्थापितांना घाम फुटला, पण मार्ग वरून खाली. याउलट नेटफ्लिक्स. सुरुवातीला भाड्याची डीव्हीडी टपालाने, यायला दिवस लागायचे. आज रात्री नवा चित्रपट हवा त्याला निरुपयोगी. चित्रपट भाड्याने देणाऱ्या दुकानांची साखळी ब्लॉकबस्टर, तिचं मुख्य गिऱ्हाईक तेच होतं, म्हणून धोका वाटला नाही. २००७ला इंटरनेटवरून दाखवणं सुरू झालं आणि तो उणेपणाच संपला. २०१०ला ब्लॉकबस्टर दिवाळखोरीत.

---

मोजपट्टी

कोडॅक कोणी काढायच्या आधी मीच काढतो, कारण ते उदाहरण निम्मंच सांगतात. स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ला कोडॅकमध्येच डिजिटल कॅमेरा जुळवला: १०० गुणिले १०० ठिपक्यांचं चित्र, कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद. निकृष्ट, पण वेगळ्या दिशेने, इथवर व्याख्येत चपखल. मात्र कंपनी पुढे झोपून राहिली हे खरं नाही. ती डिजिटल कॅमेरे भरपूर विकत होती. तिचा खरा नफा फिल्म, रसायनं आणि छपाईच्या कागदात, आणि कॅमेरा कितीही खपला तरी तो नफा परत येणार नव्हता. २०१२च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज. 'डिसरप्टिव्ह वस्तू दिसली नाही' आणि 'दिसली, पण तिच्यात आपल्या नफ्याला जागाच नव्हती' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पानपूरक, तुमच्या पहिल्या नमुन्यात "दिसत असूनही" आहे. तो शब्द जपा.

---

पानपूरक (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सध्याचा मसुदा टाकतो, झोडपा.

१) 'तळातून वर येऊन प्रस्थापितांना विस्थापित करणारं तंत्रज्ञान', पहिल्या उल्लेखात असं सविस्तर, पुढे सगळीकडे 'विस्थापक तंत्रज्ञान'. २००३ नंतरच्या लेखांत 'विस्थापक नवप्रवर्तन'.
२) जाहिरातीत 'डिसरप्टिव्ह' देवनागरीत तसाच. तिथे तो अर्थ सांगायला नसून झगमगाटाला आहे.
३) 'वर्गात व्यत्यय आणणारं वर्तन कसं हाताळावं?'
४) 'संप लांबला तर पुरवठा विस्कळीत होईल.' विशेषण गाळून क्रियापदात घेतलं.

---

धातुसाधित

चौथं फक्कड. इंग्रजी विशेषणाला मराठीत विशेषणच हवं हा हट्ट सोडला की निम्मी भाषांतरं सुटतात. 'विस्थापक'वर एक शंका: धरणग्रस्त, निर्वासित यांच्यामुळे 'विस्थापित'ला माणसांच्या दुःखाची छाया आहे. आर्थिक लेखात ती नको असेल तर 'प्रस्थापितभेदी' बघा.

---

टाचणी

'प्रस्थापितभेदी' हे क्षेपणास्त्राचं नाव वाटतं. जमिनीवरून संचालक मंडळावर मारा करणारं.

---

पोलादी

मला 'विस्थापक' पटतो. छाया आहे तर असू दे. गिरण्या बंद पडल्या तेव्हा माणसंच घरी बसली.

दुसऱ्या वाक्याला एक पुरवणी. जाहिरातीतला शब्द तसाच ठेवताना पहिल्या वेळी अवतरणचिन्हात घाला, नाहीतर चार पानं आधी 'विस्थापक' वाचलेल्याला ही वेगळीच चीज वाटेल. आणि लेखकाने तोच शब्द एका लेखात दोन्ही अर्थांनी वापरला असेल तर तळटीप लागेलच.

---

पानपूरक (धागाकर्ता)

वापरलाय ना. सातव्या लेखात, एकाच परिच्छेदात, तीन वेळा. परिच्छेद उद्या टंकून टाकतो.

---

दोन_ओळी

टंका.
उबर आहे का त्यात, तेवढं आधी सांगा.